चौदा एप्रिलला पोट का दुखते?

भोर-वेल्ह्यातली आपली पोरे सातारा रस्त्यावरच्या हॉटेलांत, पेट्रोल पंपांवर, खेड शिवापूरच्या गोदामांत, राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या रिसॉर्टवर कामाला असतात. एप्रिल उजाडला की यातल्या कित्येकांचे पोट दुखू लागते. नेमके १४ तारखेलाच का, हे मालकालाही ठाऊक असते. पण "जयंतीला जायचे आहे" म्हटले की जात उघडी पडते. म्हणून खोटे बोलायचे आणि वर दिवसाची मजुरी गमवायची. वकिली करताना हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता नवल वाटत नाही, राग तेवढा येतो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ च्या कलम १८ प्रमाणे कामगाराला वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी मिळून ठरवायच्या आहेत. मिळून! प्रत्यक्षात मालक गणपती, दसरा, दिवाळी लिहून कागद भिंतीला लावतो आणि आपण तो वाचून गप्प बसतो.

हा कायदा मुळात १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेसाठी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० करण्यास मंजुरी दिली. सहा-आठ माणसांच्या हॉटेलातल्या कामगाराला तर आपसातल्या लेखी कराराचाच आधार.

तो करार कसा असावा? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला यादीतून वर्षाला दोन सुट्ट्या स्वतः निवडता येतात. तसेच इथे करता येईल. चारपैकी दोन सर्वांच्या, दोन ज्याच्या त्याच्या मर्जीच्या. कोणी ६ डिसेंबर घेईल, कोणी भीमा कोरेगावसाठी १ जानेवारी. ईद चंद्रावर ठरते, तिची तारीख आधी बांधता येत नाही. आणि गावची यात्रा? ती तर दर गावाची वेगळी. यात मालकाचेही भलेच आहे, सगळे एकाच दिवशी गैरहजर राहत नाहीत. दोघांनी एकच दिवस मागितला आणि दोघांना सोडणे जमतच नसेल, तर यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरा.

मात्र १४ एप्रिल या मर्जीच्या यादीत टाकू नका. आपल्यातलेच काही म्हणतील, मिळते आहे ना, मग घ्या. मला ते पटत नाही. राज्य सरकारच्या सार्वजनिक सुट्ट्यांत हा दिवस आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना पगारी रजा मिळाली, ती जात विचारून नव्हे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १८९० साली गिरणी कामगारांना मिळालेला रविवारही सगळेच उपभोगतात. मग जयंती तेवढी 'तुमची' सुट्टी का व्हावी? ती सर्वांच्या दोनांत हवी. तिथे ती आली की पोराला काही मागावेच लागत नाही.

उरलेल्या दोन दिवसांसाठी अर्ज साधा ठेवा. नाव आणि तारीख. कारणाचा रकाना छापूच नका. डिसेंबरातच बसा, सर्वांच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.