17/50

आमचं गाव अंतरवाली सराटी. पूर्वी नाव सांगितलं की "हे कुठं आलं?" हा प्रश्न ठरलेला, आणि "तालुका अंबड, जिल्हा जालना" हे माझं उत्तरही ठरलेलं. 2023 सालच्या उपोषणानं गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं आणि माझं ते पाठ केलेलं भाषण वाया गेलं. तेव्हा आज दुसऱ्या विषयावर बोलतो. विषय कला. बँकेतल्या बी.कॉम. कारकुनानं कलेवर बोलू नये असा संकेत आहे. पण कलावाले दिवसभर पैशावर बोलतात, ते चालतं!

झालं असं, की पुण्याचे मेहुणे दिवाळीला गावी आले. त्यांनी नुकतंच एक छापील चित्र 50 हजारांना घेतलं होतं. खाली पेन्सिलीनं आकडा : 17/50. "म्हणजे दाजी, 50च प्रती! छापून झाल्या की ठशावर ओरखडे ओढून तो बाद करतात." मी गारच झालो. आमच्या बँकेत कुणी चालू प्रिंटर मुद्दाम मोडला, तर खातेनिहाय चौकशी लागेल!

मग त्यांची नजर देवघरावरच्या लक्ष्मीकडे गेली. आजीच्या वेळेपासूनची, रविवर्मा प्रेसची. "ही कला नव्हे, ही छपाई," त्यांनी निकाल दिला.

इथं माझं डोकं फिरलं. अहो, राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, तो कशासाठी? संस्थानिकांच्या दिवाणखान्यातली चित्रं तुमच्या-आमच्या भिंतीवर यावीत म्हणूनच ना? एकेका रंगाला वेगळा दगड, एकावर एक रंग चढवायचा. छापखाना कर्जात गेला, शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. ताळेबंदात तोटा, पण देवी घरोघर पोचली.

मेहुण्यांना देशी दाखला पटत नाही, म्हणून परदेशी देतो. 1935 साली पॅरिसला मार्सेल द्युशाँ या नामांकित कलावंतानं संशोधकांच्या प्रदर्शनात चक्क गाळा घेतला. माल काय, तर ग्रामोफोनवर फिरवायच्या चित्रांच्या चकत्या. चकत्या फिरत होत्या, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. 1959 साली तिथंच डॅनिएल स्पोएरीनं मोठमोठ्या कलावंतांच्या हलत्या-बदलत्या वस्तूंच्या प्रती काढल्या आणि सगळ्या एकाच भावानं विकायला ठेवल्या. साठच्या दशकात न्यूयॉर्कला जॉर्ज मॅच्यूनस आणि त्याच्या 'फ्लक्सस' मंडळींनी तर प्लॅस्टिकच्या डब्यांत पत्ते, खेळ, गमती भरून चार-दोन डॉलरला काढल्या. घ्या, उघडा, खेळा! आज ते डबे संग्रहालयात काचेआड आहेत. पोळ्याला मातीचे बैल आणावेत आणि पोरांच्या हाती न देता तिजोरीत कोंडावेत, तसलाच प्रकार!

नोटा जास्त छापल्या की त्यांची किंमत उतरते, हे मीही शिकलोय. पण नोट खर्चायची असते, चित्र पाहायचं असतं. शेजाऱ्यानं तेच चित्र पाहिलं म्हणून माझं पाहणं कमी होतं का?

"मग कलावंतानं खायचं काय?" मेहुण्यांनी हुकमाचं पान टाकलं.

मी कॅल्क्युलेटर काढला. 50 प्रती 50 हजारांना विकल्या तरी 25 लाख, आणि 50 हजार प्रती 50 रुपयांना विकल्या तरी 25 लाखच. कागद-शाईचा खर्च वाढेल, कबूल. एवढी गिऱ्हाइकं मिळणं अवघड, तेही कबूल. द्युशाँलाही मिळाली नाहीत. पण मिळाली, तर भिंती 50 हजार होतील. तुम्ही ठसाच मोडता, म्हणजे ती आशाच मोडता!

मेहुणे गप्प झाले. रात्री उशिरापर्यंत मोबाइल चाळत होते. सकाळी आवाज मऊ : "दाजी, जुन्या रविवर्मा प्रिंटला सध्या बरा भाव आहे म्हणे. चौकशी करू का?"

काल छपाई, आज कला!

आई निरांजन लावत होती. ती म्हणाली, "लक्षुमी कुठं इकत असतेत का बाबा? तुमच्याकडं नसंल तर फोटो काढून न्या की."

मेहुण्यांनी मुकाट्यानं फोटो काढला. छपाईची आणखी एक प्रत निघाली, तीही विनानंबरी. मी भिंतीकडे पाहिलं. आमची लक्ष्मी तसूभरही कमी झाली नव्हती.