पाहुण्या पक्ष्यांच्या जिवावर उठू नका

सीमाभागातील आपले प्रश्न थोडे नाहीत. तरीही आज एक वेगळा विषय मुद्दाम मांडत आहे. पावसाळा सरला की हिडकल जलाशयाच्या काठावर, धुपदाळ बंधाऱ्यावर आणि निपाणीकडे वेदगंगा-दूधगंगेच्या पात्रात तुतवार, टिलवे, पाणलावे असे परदेशी पक्षी उतरतात. टिलवा तर जेमतेम २५ ग्रॅम वजनाचा! पण तो थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून हजारो किलोमीटर उडत येतो.

असा थकलेला पक्षी चिखलात किडे टिपत असताना त्याला पकडणे सोपे असते. हे पक्षी थव्याने बसतात, दरवर्षी ठरलेल्या जागी येतात. त्यामुळे एकाच जाळ्यात अनेक सापडतात. मादी वर्षाकाठी बहुधा चारच अंडी घालते, त्यातली सगळी पिले जगत नाहीत. म्हणून मारलेल्या पक्ष्यांची तूट लवकर भरून येत नाही. आणि आपल्या हाती काय लागते? घासभर मांस!

‘आमचे वाडवडीलही पाणलावे मारत होते,’ असे कुणी म्हणेल. खरे आहे. गोरे साहेब तर त्या शिकारीला खेळच समजत. पण तेव्हा पाणथळ जागा भरपूर होत्या आणि नायलॉनची जाळी नव्हती.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा केंद्राचा आहे. तो बेळगाव-निपाणीत आणि चंदगड-कागलमध्ये सारखाच लागू आहे. शिकार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर गेली.

पण नुसत्या कायद्याने भागत नाही. ओडिशात चिलिका सरोवराकाठचे मंगलाजोडी गाव एके काळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होते. २००० च्या सुमारास गावकऱ्यांनीच पक्षी सुरक्षा समिती काढली. शिकारी राखणदार झाले. आज तेथे पक्षी पाहायला येणाऱ्यांना नावेतून फिरवून गावाला रोजगार मिळतो.

आपल्याकडेही हे व्हावे. नदी-तलावाकाठच्या ग्रामपंचायतींनी शिकारबंदीचा ठराव करावा. बेळगाव आणि कोल्हापूरच्या वनखात्यांनी हिवाळ्यात मिळून गस्त घालावी. सूचनाफलक कन्नडबरोबर मराठीतही लावावेत. नियम वाचता आला तरच तो पाळला जाईल.

आणि बंधूंनो, एक गोष्ट आपल्याच हाती आहे. आठवडी बाजारात कुणी पाय बांधलेले पक्षी विकायला आणले तर घेऊ नका, वनखात्याला कळवा. गिऱ्हाईकच नसेल तर जाळे कोण लावील?