संशोधक डॉक्टरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णसेवेसोबत संशोधन करणाऱ्या अध्यापकांच्या मागण्या

महोदय,

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. दोन्ही कामे रुग्णसेवेत पडलेल्या प्रश्नांतून उभी राहिली आणि दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाहेर झाली. रुग्णांची रीघ मात्र आमच्याकडे असते. बढतीसाठी शोधनिबंध हवेत, अशी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची अट आहे. ते लिहायला लागणारा वेळ मात्र कोणत्याही वेळापत्रकात नाही. परिणामी संशोधन रात्री उरकले जाते किंवा पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे फावते. म्हणून आमच्या मागण्या :

1. मंजूर प्रकल्प असलेल्या अध्यापकास आठवड्यातून एक दिवस ओपीडी व आपत्कालीन ड्यूटीतून लेखी मोकळीक मिळावी. त्या ड्यूटीचा भार सहकाऱ्यांवर पडू नये, यासाठी रिक्त पदे आधी भरावीत.

2. गावपातळीवरील पाहणी व नमुने गोळा करण्याचे दिवस कर्तव्यकाळ धरावेत. अन्यथा आयोगाची 75 टक्के हजेरीची अट फील्डवर जाणाऱ्यालाच भोवते. याबाबत शासनाने आयोगाकडे पाठपुरावा करावा.

3. रुग्णांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालतो. प्रमुख संशोधकाची बदली प्रकल्प संपेपर्यंत करू नये. प्रशासकीय कारणाने करावीच लागली, तर प्रकल्प व निधी त्याच्यासोबत जावा.

4. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसारख्या (आयसीएमआर) संस्थांचा निधी स्वतंत्र खात्यात ठेवावा व प्रयोगशाळेतील साहित्याच्या खरेदीचा निर्णय 30 दिवसांत व्हावा. फाईल फिरत राहते आणि प्रकल्पाची मुदत संपते.

5. कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान प्रकल्पाच्या मुदतीइतकी नेमणूक द्यावी. अल्पमुदतीच्या आदेशावर तीन वर्षांचा प्रकल्प कोण सोपवणार?

6. प्रसूती व बालसंगोपन रजेइतकी मुदतवाढ प्रकल्पाला आणि त्यासाठीच्या वयोमर्यादेला मिळावी.

7. बढतीत निबंधांची संख्या मोजताना कामाचा दर्जा आणि उपचारपद्धतीत त्यामुळे झालेला बदलही तपासावा.

पहिल्या, तिसऱ्या व चौथ्या मागणीची सुरुवात शासन निर्णयाने करता येईल. त्यांना प्राधान्य द्यावे. उरलेल्या मागण्यांवर संघटनेच्या प्रतिनिधींसह समिती नेमून तीन महिन्यांत अहवाल घ्यावा आणि चर्चेसाठी लवकरात लवकर बैठकीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
संशोधक डॉक्टरांची संघटना