लग्नाच्या ग्रुप फोटोसाठी लाईट घेताय? आधी शेवटची रांग बघा



माझ्या साताऱ्याच्या दुकानात नवीन फोटोग्राफर पोरगा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, बॉडी कुठली घेऊ?" सांगलीच्या बॅचमध्ये पण तेच. घरच्यांकडून थोडे, मित्राकडून थोडे, उरलेले हप्त्यावर, असे दीड-दोन लाख जमवायचे आणि सगळे कॅमेऱ्यात घालायचे. लाईटचं विचारलं की उत्तर येतं, "एक एलईडी पॅनल घेतलाय ना, बास की."

मी स्पष्टच सांगतो. लग्नाच्या ऑर्डर घेऊन धंदा उभा करायचा असेल, तर पहिल्या वर्षी आहे तीच बॉडी वापरा आणि पहिले तीस-चाळीस हजार लाईटवर लावा. कुठला लाईट, हे वॅटचा आकडा बघून ठरवू नका. ग्रुप फोटोतली शेवटची रांग बघून ठरवा.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. त्याची किंमत मोजलीय.

बीबीए करून दुकान टाकलं, त्यानंतर दोन वर्षांनी, 2013 च्या मे महिन्यातली गोष्ट. कराडच्या बाजूला लग्न होतं. मी विजेवर चालणारे दोन स्टुडिओ फ्लॅश आणि छत्र्या घेऊन गेलो होतो. स्टेजमागे प्लग पॉइंट एकच. त्यावर डेकोरेटरचं अर्धं डेकोरेशन चालू होतं. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, फॅमिली फोटोला तीस माणसं स्टेजवर उभी राहिली आणि एमसीबी पडला. नवरदेवाकडची मंडळी निघायच्या घाईत होती. मग कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश लावला आणि दणादण फोटो काढले. सेल तापलेले, फ्लॅश चार्ज व्हायला चार-पाच सेकंद, त्यामुळे दर तिसरा फोटो अर्धवट उजेडाचा.

अल्बम दिला तेव्हा नवरीचा भाऊ बघत बघत थांबला. म्हणाला, "दादा, फोटो छान आलेत. फक्त मोठे काका कुठायत?" काका होते. शेवटच्या रांगेत, डाव्या कडेला, फेटा बांधून. फौजेतले, दहा दिवसांची सुट्टी काढून खास लग्नाला आलेले. पुढं खुर्चीवर बसलेल्या आजीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि काका अंधारात. कॉम्प्युटरवर उजळून बघितलं, तर चेहऱ्यावर नुसते दाणे. काका तोपर्यंत परत ड्युटीवर गेलेले. तो फोटो परत कसा काढणार?

पाच हजार परत दिले. त्याचं एवढं काही नाही. पण पुढच्या दोन वर्षांत त्या भावकीत तीन लग्नं झाली आणि मला एकाही लग्नाला फोन आला नाही. आपल्याकडे ऑर्डर जाहिरातीवर येत नाही, भावकीतून येते. आणि भावकी अल्बम बघताना आधी ग्रुप फोटो उघडते, कँडिड नंतर.

काका अंधारात का गेले?

गणित सोपं आहे. लाईटपासून अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. समजा तुमचा लाईट पहिल्या रांगेपासून 2 मीटरवर आहे आणि शेवटची रांग तिच्या मागे दीड मीटर, म्हणजे लाईटपासून साडेतीन मीटरवर. शेवटच्या रांगेला पहिल्या रांगेच्या फक्त एक तृतीयांश उजेड मिळतो. आता तोच लाईट मागे घ्या, पहिल्या रांगेपासून 5 मीटरवर. शेवटची रांग साडेसहा मीटरवर गेली. आता तिला पहिल्या रांगेच्या जवळजवळ 60 टक्के उजेड मिळतो. आजी पण दिसणार, काका पण दिसणार.

म्हणजे उपाय काय? लाईट मागे न्या. पण 2 मीटरवरून 5 मीटरवर गेलात की तेवढाच उजेड पाडायला सव्वासहा पट ताकद लागते. लाईटची ताकद त्यासाठी विकत घ्यायची असते. चेहऱ्यावर झोत मारायला नाही.

कॅमेऱ्यावर बसणाऱ्या स्पीडलाईटची ताकद साधारण 60 ते 80 वॉट-सेकंद असते. एकटा नवरा-नवरी असतील तर पुरतो. तीस माणसांना, छत्री लावून, 5 मीटरवरून नाही पुरत. तिथं किमान 200 वॉट-सेकंदाचा बॅटरीवाला फ्लॅश लागतो.

मग एलईडी का नको?

इथं माझ्याशी वाद घालणारे बरेच आहेत. "सर, एलईडीत जे दिसतं तेच फोटोत येतं, सोपं पडतं." बरोबर आहे, सोपं पडतं. पण हिशोब करून बघा. 60 वॉटचा एलईडी सेकंदाला 60 जूल वीज खातो. तुमचं शटर उघडं राहतं सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे एका फोटोच्या वाट्याला 0.6 जूल. 200 वॉट-सेकंदाचा फ्लॅश पूर्ण ताकदीवर 200 जूल एका झटक्यात सोडतो. एलईडी विजेचा जास्त चांगला वापर करतो, म्हणून त्याला दुप्पट-तिप्पट मार्क द्या. तरी तो जवळपास पोचत नाही.

एलईडी वाईट नाही. व्हिडिओला तोच लागतो, फ्लॅशचा तिथं उपयोग शून्य. हळदीच्या रात्री नवरीच्या हातावरची मेंदी शूट करायला छोटा एलईडी लाख मोलाचा. फक्त फोटोचं काम फोटोच्या लाईटला द्या. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही घेत असाल, तर एक फ्लॅश आणि एक एलईडी घ्या. दोन्ही कामं एकाच एलईडीवर ढकललीत, तर मार फोटोला बसतो.

दुसरा वाद आयएसओचा. "आताच्या कॅमेऱ्यांना लाईट लागतच नाही, आयएसओ वाढवला की झालं." फोटो उजळ होतो, हे मान्य. पण आपल्याकडच्या कार्यालयातला उजेड कसा असतो ते आठवा. वरून ट्यूब, बाजूने पिवळे दिवे आणि डेकोरेटरचे जांभळे-निळे पार लाईट. आयएसओ वाढवलात की हे सगळे रंग चेहऱ्यावर अजून छान दिसायला लागतात! वरून पडणाऱ्या उजेडाने फेट्याखाली डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात, ते वेगळंच. आयएसओने उजेडाची दिशा बदलत नाही.

काय घ्यायचं, कसं लावायचं

पहिला सेट असा असावा. बॅटरीवर चालणारा 200 वॉट-सेकंदाचा फ्लॅश, त्याची एक जादा बॅटरी, ट्रिगर, साडेतीन-चार फुटांची पांढरी छत्री आणि 9 फुटांचा दणकट स्टँड. छोटा स्पीडलाईट आधीचा असेल तर राहू द्या, अडीअडचणीला तोच धावून येतो. पुढचा लाईट घ्याल तेव्हा त्याच ट्रिगरवर चालणारा घ्या, नाहीतर दोन कंपन्यांचे दोन ट्रिगर सांभाळत बसाल. आणि घेताना दुकानदाराला विचारा, मलाही विचारा: बिघडला तर दुरुस्ती कुठं, किती दिवसांत? सीझनमध्ये तीन आठवडे पार्सलात अडकलेला लाईट असून नसल्यासारखा.

ग्रुपला एकच लाईट असेल, तर तो कॅमेऱ्याच्या मागे, तुमच्या डोक्याच्या वर ठेवा. एका कडेला ठेवलात तर दुसऱ्या कडेचे पाहुणे अंधारात जातात. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी हवीच. वाळू नसेल तर पाण्याच्या बाटल्या बांधा, पण बांधा. कार्यालयात पोरं धावत असतात. सुरुवातीला कॅमेरा मॅन्युअलवर, एफ 8, आयएसओ 800, शटर 1/100, आणि तिथून फ्लॅशची ताकद कमी-जास्त करा. मागचं डेकोरेशन फार काळं पडत असेल तर शटर 1/50 वर आणा. फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही, मागचा उजेड तेवढा वाढतो. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे 1/50 आणि 1/100 या दोन्ही शटरवर स्वस्त दिव्यांचे पट्टेही सहसा येत नाहीत.

छताला उजेड मारून खाली पाडायची युक्ती चांगली आहे, पण छत पांढरं आणि बुटकं असेल तरच. वर गुलाबी कापड ताणलेलं असेल तर अख्खी भावकी गुलाबी होते. आणि एक फुकटचा उपाय: डेकोरेटरच्या पोराला सकाळीच चहा पाजा आणि सांगा, "ग्रुप फोटोला दहा मिनिटं पार लाईट बंद ठेव रे." आतापर्यंत मला कोणी नाही म्हटलेलं नाही.

आता पैशाचं बोलू

असा सेट आज साधारण 35 ते 40 हजारांच्या घरात बसतो. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. पण थांबा. लगेच बँकेत पळू नका.

आपला धंदा तिथीवर चालतो. आषाढी ते कार्तिकी चार महिने लग्नं जवळजवळ बंद. हप्त्याला चातुर्मास नसतो. 36 हजारांचा सेट 12 हप्त्यांत घेतलात, तर व्याज सोडून महिन्याला 3 हजार. लग्नं नसलेल्या चार महिन्यांचे 12 हजार कुठून देणार, हे कागदावर लिहा आणि मगच सही करा.

उत्तर आपल्या जिल्ह्यांतच आहे. सातारा आणि सांगलीत पतसंस्था, सोसायट्या, साखर कारखाने किती आहेत बघा. सहकारी संस्थांना वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. म्हणजे नेमक्या आपल्या रिकाम्या दिवसांत सभा, सत्कार, संचालक मंडळाचे ग्रुप फोटो. हॉल बंदिस्त, माणसं तीन रांगांत, उजेड तोच ट्यूबचा. लग्नातला तोच लाईट, तीच छत्री. आणि तिथंही शेवटच्या रांगेतल्या संचालकाला आपला चेहरा अहवालात नीट दिसायला हवा असतो. ऑगस्टमध्येच चार संस्थांच्या सचिवांना नमुन्याचा फोटो घेऊन भेटा. यातली दोन कामं मिळाली तरी हप्त्याचा घोर कमी होतो.

माझ्या दुकानात लाईट विकायला आहेत, तरीही सांगतो, पहिल्या दोन-तीन ऑर्डरना भाड्याने घ्या. भाडं ऑर्डरच्या पैशातून वळतं करा. हात बसला, ऑर्डर येत राहिल्या, मग विकत घ्या.

घेण्याआधी एक परीक्षा करा. सांगलीच्या बॅचला मी विश्रामबागच्या एका हॉलमध्ये हीच करायला लावली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या तीन रांगांत मांडायच्या, मित्र बसवायचे, एक उंच मित्र शेवटच्या रांगेत कडेला उभा करायचा. लाईट 2 मीटरवर ठेवून एक फोटो, 5 मीटरवर ठेवून एक फोटो. मग न थांबता तीस फोटो काढायचे आणि पहिला आणि तिसावा शेजारी ठेवून बघायचे. उजेड सारखा आहे का? कडेच्या मित्राचे डोळे दिसतात का? त्या दिवशी बॅचमधल्या दोघांनी नवीन बॉडीचं बुकिंग पुढं ढकललं.

तुमच्याकडे आत्ता जो लाईट आहे, त्यावर या रविवारी ही परीक्षा करा. मित्र नसतील तर घरचे बसवा. शेवटच्या रांगेतला माणूस दिसला, तर नवीन काही घेऊ नका, आहे त्यावरच पुढची ऑर्डर मारा. नाही दिसला, तर पैसे कुठं घालायचे ते तुम्हाला कळलेलं असेल.