थायलंडचा व्हिसा, रत्नागिरीचा थिबा राजा आणि ‘एक्सपॅट’ नावाची सोय

थायलंडमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या पाश्चात्त्य निवृत्तांची एक ठरलेली तक्रार आहे. दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. घरमालकाला परदेशी भाडेकरूची खबर २४ तासांत इमिग्रेशन कार्यालयाला द्यावी लागते. पन्नाशी ओलांडून ‘निवृत्त’ म्हणून राहायचे तर बँकेत ८ लाख बाट तरी ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५ हजार बाटांचे उत्पन्न दाखवावे लागते. आणि वीस वर्षे काढली तरी कागदोपत्री माणूस तात्पुरताच राहतो. आपण या देशात पैसा आणतो आणि हा देश आपल्याला संशयिताची वागणूक देतो, असा या तक्रारीचा सूर असतो.

याच वर्तुळात मायदेशाच्या राजकारणाची चर्चा निघाली की सूर पालटतो. सीमा बंद करा, येणाऱ्यांची कडक छाननी करा, उत्पन्न नसेल तर परत पाठवा, अशी मागणी होऊ लागते. सगळेच असे बोलत नाहीत, हे मान्य. पण हे मिश्रण इतके नेहमीचे आहे की त्याला निव्वळ व्यक्तिगत दुटप्पीपणा म्हणून सोडून देणे चूक ठरेल. या दुटप्पीपणाला वंशावळ आहे. ती १८५५ पासून सुरू होते, आणि तिची एक फांदी थेट रत्नागिरीत येऊन पोहोचते. त्यासाठी हा धागा.

१८ एप्रिल १८५५. हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाउरिंग आणि राजा मोंगकुटचे सयाम यांच्यात करार झाला. पाठ्यपुस्तकांत तो ‘व्यापार खुला करणारा करार’ म्हणून येतो. आयात मालावर फक्त तीन टक्के जकात बसली, आणि अफू तर जकातीशिवाय आत आणता येऊ लागली (ती मक्तेदारालाच विकायची, एवढीच अट). पण खरा घाव दुसऱ्याच कलमात होता. सयाममधील ब्रिटिश प्रजेवर सयामी न्यायालयाचा अधिकार चालणार नाही. तिचा न्याय बँकॉकमधला ब्रिटिश वकील करील. पुढे फ्रान्स, अमेरिका आणि इतर अनेक राष्ट्रांनी असेच करार पदरात पाडून घेतले.

याच करारातील एक तपशील आजच्या तक्रारखोरांनी अवश्य वाचावा. सयाममध्ये राहू इच्छिणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश प्रजाजनाने वकिलातीत नाव नोंदवले पाहिजे, असे त्यात लिहिले होते. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर सयामी अधिकाऱ्यांचा परवाना हवा होता. बँकॉकच्या तटबंदीपासून २०० सेनच्या आत, म्हणजे कराराच्या हिशेबाने सुमारे चार मैलांत, जमीन विकत घ्यायची तर दहा वर्षांचे वास्तव्य किंवा खास परवानगी लागे. म्हणजे नोंदणी, हद्द आणि जमिनीवरील बंधन या तिन्ही गोष्टी बँकॉकला १८५५ मध्येही हव्या होत्या. आजच्या नियमांत नवे आहे ते इतकेच की नोंदवही आता थाई अधिकाऱ्याच्या हातात आहे.

नोंदवही कोणाच्या हातात, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. ‘ब्रिटिश प्रजा’ म्हणजे केवळ गोरे साहेब नव्हेत. ब्रह्मदेशातून लाकूडतोडीसाठी आलेले बर्मी व शान लोक, हिंदुस्थानातून आलेले व्यापारी, सिंगापूर-पेनांगमध्ये जन्मलेले चिनी हे सर्व त्या छत्राखाली येत. फ्रेंचांनी तर लाओ, ख्मेर आणि चिनी लोकांना ‘आश्रित’ म्हणून नोंदवण्याचा सपाटा लावला. ज्याच्या हाती वकिलातीचा कागद, त्याच्यावर राजाचा कायदा चालत नसे. आपल्याच राजधानीत कायदा कोणाला लागू आहे, हे राजाला परदेशी वकिलातीची यादी पाहून ठरवावे लागे.

आता शेजारच्या ब्रह्मदेशात काय घडले ते पाहू. मुंबईत १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. तिचा धंदा सागवानाचा. १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने, ठरल्यापेक्षा जास्त सागवान बाहेर नेल्याच्या आरोपावरून, तिला जबर दंड ठोठावला. एका स्वतंत्र राज्याने आपल्या जंगलात धंदा करणाऱ्या परदेशी कंपनीला दंड केला, एवढीच घटना. फ्रान्सशी मंडालेची वाढती जवळीक इंग्रजांना आधीच खुपत होती, त्यांना निमित्त मिळाले. नोव्हेंबरमध्ये फौजा इरावतीतून वर सरकल्या, महिना संपायच्या आत मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश खालसा झाल्याची घोषणा झाली. राजा थिबा, राणी सुपयालत आणि त्यांच्या मुली मद्रासमार्गे रत्नागिरीला आणल्या गेल्या. तिथेच १९१६ मध्ये राजाचा शेवट झाला.

रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहताना बहुतेक पर्यटक राजाच्या विलासाच्या आणि विरहाच्या कथा ऐकून परततात. एका लाकूड कंपनीचा दंड हा त्या वाड्याचा एक पाया आहे, हे तिथे फारसे कोणी सांगत नाही. बँकॉकमध्ये मात्र ते सर्वांना ठाऊक होते. राजा चुलालाँगकॉर्न १८७२ मध्ये हिंदुस्थानात फिरून गेला होता, मुंबईही त्याने पाहिली होती. परक्यांच्या राज्यात संस्थानिकांचे काय होते ते त्याने स्वतः पाहिले होते. शिवाय तीच मुंबईची कंपनी त्याच्या उत्तरेकडील सागवान जंगलांतही उतरली. १८९३ मध्ये फ्रेंच युद्धनौका पाकनामची तटबंदी पार करून चाओ फ्राया नदीतून थेट राजधानीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

तेव्हा परदेशी माणूस कोण आहे, कुठे राहतो, काय करतो आणि चुकला तर त्याला जाब कोण विचारणार, हे प्रश्न या देशासाठी कारकुनी कधीच नव्हते. शेजारचे राज्य याच प्रश्नांपायी नाहीसे झाले होते.

गेलेला अधिकार परत मिळवायला सयामने जमीन मोजली. १९०७ मध्ये बत्तंबांग, सियेम रीप आणि सिसोफोन फ्रान्सला दिले, तेव्हा कुठे फ्रान्सने आशियाई आश्रितांवरील न्यायाधिकार सोडायचे कबूल केले. १९०९ मध्ये केदा, केलंतान, तेरेंगानू आणि पर्लिस या चार मलय राज्यांवरील हक्क ब्रिटनला दिले. मग ब्रिटनने टप्प्याटप्प्याने माघार मान्य केली. १९२० च्या दशकात हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस सेयर सयामच्या वतीने युरोपच्या राजधान्या फिरले. उरलेसुरले विशेषाधिकार नव्या करारांनी संपले ते १९३७ नंतर. बाउरिंगनंतर ८२ वर्षांनी.

हा सगळा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून पट्टायातील तक्रार पुन्हा ऐकावी. परदेशी माणसाला इथल्या कार्यालयात रांगेत उभे राहावे लागते, हा अन्याय कधी वाटतो? आपण रांगेच्या बाहेरचे आहोत, ही समजूत आधीपासून पक्की असेल तेव्हाच. ही समजूत १८५५ च्या कराराची आहे. करार गेला, समजूत राहिली. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिक सुट्टीसाठी पट्टायात उतरू लागले आणि मासेमारीच्या त्या गावाचा कायापालट झाला, तेव्हा तिला नवे खतपाणी मिळाले.

पण थायलंडच्या नियमांचा इतिहास उज्ज्वल आहे, असे मात्र कोणी समजू नये. सार्वभौमत्व परत मिळवणाऱ्या या राज्याने ते पहिल्यांदा कोणावर आजमावले? गोऱ्या साहेबावर नव्हे, चिनी मजुरावर. १९१० मध्ये बँकॉकच्या चिनी लोकांनी वाढीव डोईपट्टीविरुद्ध संप करून शहर ठप्प केले. १९१४ मध्ये राजा वजिरावुधने टोपणनावाने लेख लिहून त्यांना ‘पूर्वेचे ज्यू’ ठरवले, आणि हे विशेषण स्तुतीचे नव्हते. १९२७ मध्ये सयामचा पहिला इमिग्रेशन कायदा आला तो प्रामुख्याने चिनी लोंढा आवरण्यासाठी. पिबुलसोंगक्रामच्या राजवटीत अनेक व्यवसाय थाई नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आले. १९७९ च्या यादीत असे ३९ व्यवसाय होते. केस कापणे, वाहन चालवणे आणि पर्यटकांना वाट दाखवणेही त्यात आले. त्याच वर्षीच्या इमिग्रेशन कायद्यात ९० दिवसांचा आणि २४ तासांचा, असे दोन्ही नियम आहेत. एका राष्ट्रीयत्वाच्या वर्षाला जास्तीत जास्त १०० जणांनाच कायम वास्तव्य देण्याची मर्यादाही त्यातलीच. आणि हे त्याच १९७९ मध्ये, ज्या वर्षी थाई सैन्याने ४० हजारांहून अधिक कंबोडियन निर्वासितांना प्रेआह विहेअरच्या कड्यावरून सुरुंग पेरलेल्या सीमेपलीकडे ढकलले.

निवृत्त युरोपीय माणसाला या यंत्रणेचा धक्का लागतो तो ओझरता. मुदत संपूनही राहिला तर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २० हजार बाट दंड भरून त्याला बहुधा विमानतळावरून निघता येते. यंत्रणेचे पूर्ण वजन पडते ते म्यानमार, लाओस आणि कंबोडियाच्या मजुरांवर. बांधकामे, मासेमारी नौका, कोळंबी सोलण्याचे कारखाने, माए सोतची शिवणकामाची केंद्रे यांच्या श्रमावर चालतात. मालक बदलायचा तर त्यांना कागदांचे जंजाळ पार करावे लागते. म्यानमारच्या सीमेलगत नऊ निर्वासित छावण्या आहेत. पहिली माणसे तिथे १९८४ मध्ये आली, आणि त्यांची नातवंडेही तिथेच जन्मली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर थायलंडची सही नाही. थाई इमिग्रेशन व्यवस्थेवर टीका करायला भरपूर वाव आहे, पण ती या लोकांच्या बाजूने केली तर. ९० दिवसांच्या अर्जासाठी गेलेल्या सकाळीवरून सुरू होणाऱ्या टीकेत हे लोक सहसा नसतातच.

त्यांना ‘एक्सपॅट’ कोणी म्हणत नाही, हेही लक्षात घ्यावे. दोघेही परदेशी, दोघेही पैशाच्या गणितामुळे आलेले. एकाला घरी मजुरी पुरत नाही, दुसऱ्याला घरी पेन्शन पुरत नाही. तरी पहिला ‘स्थलांतरित’ आणि दुसरा ‘एक्सपॅट’. मराठी वाचकाने यावर फार हसू नये. न्यू जर्सीत स्थायिक झालेला तो ‘अनिवासी भारतीय’ आणि नाक्यावर उभा असलेला तो ‘परप्रांतीय’, ही विभागणी मराठीतही बिनदिक्कत चालते. आणि परदेशी पाहुण्याची खबर २४ तासांत देण्याचा थाई नियम ज्यांना जाचक वाटतो, त्यांनी भारतातील कोणत्याही हॉटेलच्या काउंटरवर ‘फॉर्म सी’ची चौकशी करावी. आपल्याकडील परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा १९३९ चा होता, म्हणजे इंग्रजांनीच केलेला.

राहिला मायदेशाचा प्रश्न. ब्रिटनचेच उदाहरण पुरेसे आहे. भाडेकरूला देशात राहण्याचा हक्क आहे की नाही हे घरमालकाने तपासावे, असा नियम ब्रिटनने २०१४ च्या कायद्याने केला आणि २०१६ पासून तो साऱ्या इंग्लंडमध्ये लागू आहे. ठराविक देशांच्या नागरिकांना पोलिसांकडे नाव नोंदवण्याची सक्ती तिथे २०२२ पर्यंत होती. ब्रिटिश पर्यटकाला २०२४ पासून बँकॉकच्या विमानतळावर व्हिसाशिवाय ६० दिवसांचा शिक्का मिळू लागला. थाई नागरिकाला मात्र लंडन पाहायचे तर बँकेची विवरणपत्रे जोडून, परत येण्याची हमी पटवून, आधी व्हिसा काढावा लागतो.

यातल्या काही तक्रारी रास्त आहेत, पण त्यांचा पत्ता चुकतो. थायलंडमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश निवृत्ताची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढत नाही, आहे तिथेच गोठते. हा निर्णय लंडनचा. फिलिपाइन्समध्ये राहिला असता तर वाढली असती, कारण त्या देशाशी तसा करार आहे. थाई अधिकाऱ्यांना हवी असलेली उत्पन्नाची पडताळणी आपण करू शकत नाही, असे सांगून उत्पन्नाची पत्रे देणे २०१९ च्या सुरुवातीपासून बंद केले तेही ब्रिटिश आणि अमेरिकी वकिलातींनी. त्या वर्षी कित्येक वृद्धांची धावपळ झाली आणि राग मात्र थाई इमिग्रेशनवर निघाला.

सर्वांत बोलके उदाहरण लग्नाचे. थाई पत्नी असलेल्या परदेशी पुरुषाला थायलंडमध्ये राहायचे तर बँकेत ४ लाख बाट, म्हणजे ढोबळ हिशेबाने नऊ-दहा हजार पौंड, किंवा दरमहा ४० हजार बाटांचे उत्पन्न दाखवावे लागते. त्याच पुरुषाला तीच पत्नी घेऊन ब्रिटनमध्ये राहायचे असेल, तर २०१२ पासून वर्षाला किमान १८,६०० पौंडांचे उत्पन्न ही अट होती. वर पत्नीसाठी आरोग्य अधिभार, जो २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड झाला.

पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिश नागरिकाचा मतदानाचा हक्क पूर्वी संपत असे. ती मर्यादा १६ जानेवारी २०२४ रोजी उठली, आणि चियांग माईत तीस वर्षे काढलेल्या माणसालाही ब्रिटनच्या इमिग्रेशन धोरणावर मत देता येऊ लागले. तीन महिन्यांनी, ११ एप्रिल २०२४ रोजी, पत्नीला घरी नेण्यासाठी लागणारी उत्पन्नाची अट १८,६०० वरून २९,००० पौंडांवर गेली.