गॅप आलाय म्हणे!

आमच्या बेळगावात कमरेचं निदान रिक्षावालासुद्धा करतो : "मणक्यात गॅप आलाय." मग पट्टा, गोळ्या, शेक आणि "वाकू नका, वजन उचलू नका."

गेल्या पावसाळ्यात काकांनी तांदळाचं पोतं उचललं आणि कंबर धरली. पुढच्या महिन्यात आईची दुखायला लागली. दवाखाना एकच, औषधपाणीही तेच. काका पंधरा दिवसांत शेताकडे जायला लागले. पट्टा कुठं टाकला तेही त्यांना आठवत नाही. आईनं मात्र 'गॅप' हा शब्द जो धरला तो सोडलाच नाही. बाजार बंद, भिशी बंद, रात्रीची झोप गेली. एमआरआय झाला, पैसे गेले, दुखणं तिथंच.

फिजिओथेरपी शिकणाऱ्या मावसबहिणीनं मला इंग्लंडच्या कील विद्यापीठातली एक प्रश्नावली दाखवली. प्रश्न फक्त ९. कळ पायात उतरते का, कपडे घालायला वेळ लागतो का, हे तर आहेच. पण हे दुखणं कधीच बरं होणार नाही असं वाटतं का, हेही विचारलेलं. उत्तरांवरून दुखणं रेंगाळण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त, ते ठरतं. कमी धोका असेल तर एकदा नीट तपासून, धीर देऊन, हिंडतं-फिरतं राहायला सांगून घरी पाठवायचं. मध्यमाला फिजिओथेरपी. जास्त धोका असेल तर व्यायामासोबत मनातल्या भीतीवरही काम. ८५१ रुग्णांवरच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. वर्षभरानंतरही या रुग्णांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होता, आणि खर्चही कमी आला.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हेच करून पाहिलं तेव्हा मात्र फरक पडला नाही. डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं, पण रुग्णांना मिळणारे उपचार जवळपास पूर्वीचेच राहिले. म्हणजे नुसते फॉर्म छापून भागत नाही. (लघवीवरचा ताबा गेला, पाय लुळा पडत असला, तर प्रश्नावली बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा, हे वेगळं.)

"ओपीडीत साठ पेशंट बसलेत, कधी विचारायचं?" असं डॉक्टर म्हणतील. दोन मिनिटांचं काम आहे हो! काकांना एमआरआयची गरज नव्हती आणि आईला पट्ट्याची. तिला कुणीतरी समोर बसवून घ्यायला हवं होतं.

शेवटी मीच विचारलं, "आई, असल्या कमरेनं हालचाल करणं धोक्याचं, असं वाटतं काय गं तुला?"

"वाटतं म्हणजे? डॉक्टरांनीच सांगितलंय की, वाकू नका म्हणून."