असईचे उत्तर

इंग्लंडच्या एका ड्यूकला उतारवयात विचारले गेले, की रणांगणावरील आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती? प्रश्नकर्त्याला वॉटर्लू हे उत्तर अपेक्षित असावे. ड्यूकने एकच शब्द उच्चारला : असई. हे असई म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात वसलेले एक लहानसे खेडे. आणि हा ड्यूक म्हणजे आर्थर वेलस्ली, ड्यूक ऑफ वेलिंग्टन. युरोपने ज्याचे चरित्र वॉटर्लूपासून उलटे वाचले, ते आपण मराठी वाचकांनी असईपासून वाचावे, असे आम्हाला वाटते. कारण त्यात आपल्या पराभवाची एक अडचणीची मीमांसा दडलेली आहे.

पराभवाची आपली आवडती कारणे दोन. एक, गोऱ्या अधिकाऱ्यांची फितुरी. दुसरे, इंग्रजांकडे गुणांची कदर होती आणि आपल्याकडे जन्माची. पहिल्यात तथ्य आहे. शिंद्यांच्या कवायती फौजेतील अनेक ब्रिटिश अधिकारी ऐन युद्धाच्या तोंडावर कंपनीच्या आश्रयाला गेले. दुसरे कारण मात्र वेलस्लीच्या चरित्रापुढे टिकत नाही.

हा गृहस्थ अर्ल ऑफ मॉर्निंग्टनचा धाकटा मुलगा. 1787 साली तो सैन्यात शिरला आणि सहा वर्षांत लेफ्टनंट कर्नल झाला, तो पराक्रमाने नव्हे. ब्रिटिश सैन्यात तेव्हा हुद्दे रीतसर विकत मिळत आणि या खरेदीस थोरल्या भावाचा पैसा कामी आला. 1790 पासून तो आयर्लंडच्या पार्लमेंटात ट्रिमचा सभासद होता, तेही घराण्याच्याच वजनाने. 1797 साली तो हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी तोच थोरला भाऊ, रिचर्ड वेलस्ली, गव्हर्नर जनरल झाला. आपल्या भाषेत सांगायचे तर आर्थर वेलस्ली हा जन्मजात सरदार होता आणि वशिल्याने पुढे आलेला होता.

मग फरक कोठे पडला? आमच्या मते, तो जन्मात नव्हता, त्या जन्माभोवती उभ्या असलेल्या व्यवस्थेत होता. वेलस्लीच्या दैनंदिन पत्रव्यवहारात शौर्यापेक्षा बैल, तांदूळ आणि पगार यांचीच चर्चा अधिक आहे. युद्धाचे आणि तहाचे अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती एकवटले होते. उलट आपल्याकडे पेशव्यांनी 31 डिसेंबर 1802 रोजी वसईस कंपनीशी तह केलेला, होळकर तटस्थ, आणि शिंदे-भोसले एकत्र असूनही एका आज्ञेखाली नसलेले.

23 सप्टेंबर 1803 च्या दुपारी हे सारे उघडे पडले. दोन दिवसांपूर्वी बदनापुरास वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी दोन वाटांनी येऊन एकत्र हल्ला करण्याचे ठरवले होते; वेलस्लीने स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही. नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत होते. काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच, उतार असल्याखेरीज ती अशी वसणार नाहीत, हे त्याने ताडले. प्रत्यक्ष लढणारी त्याची फौज सुमारे 4,500, समोर शंभराच्या आसपास तोफा. त्याच्या मांडीखालचा घोडा ठार झाला, दुसरा भाल्याने जखमी झाला. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले मात्र निर्णायक घटकेला रणांगणावर नव्हते. कवायती पायदळ पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हवाली होते.

आणि तरीही कंपनीची 1,500 हून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. मराठी तोफखान्यातील गोलंदाज तोफांपासून हटले नाहीत. काहींनी मेल्याचे सोंग घेतले आणि शत्रूची रांग पुढे जाताच तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. त्या तोफा वेलस्लीला पुन्हा जिंकाव्या लागल्या. ड्यूकच्या त्या एका शब्दात, त्याची इच्छा असो वा नसो, या माणसांची साक्ष आहे. तिकडच्या पलटणींनी निशाणांवर आणि बिल्ल्यांवर हत्तीसह असईचे नाव मिरवले. इकडे त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. विसरू नये, की कंपनीच्या बाजूने पडलेल्यांतही मद्रासचे देशी शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांचीही तीच गत.

वेलस्ली 1828 साली इंग्लंडचा पंतप्रधान झाला. 1829 साली त्याने कॅथलिकांना राजकीय हक्क देणारा कायदा संमत करवला आणि लगेच मतदानाच्या सुधारणेला कडाडून विरोध केला. तो लोकशाहीवादी नव्हताच. शेवटपर्यंत सरदारच राहिला. म्हणूनच त्याचे चरित्र आपल्याला अधिक टोचते. गुणवंतांनी आपल्याला हरवले असते तर समजूत घालता आली असती. आपल्या सरदारांना हरवले ते दुसऱ्या एका सरदाराने, जो हिशेब ठेवीत होता आणि जागेवर हजर होता. असईच्या मातीतून एवढे जरी आपण उचलले, तरी त्या अनामिक गोलंदाजांचे थोडे ऋण फिटेल.